साडेतीन वोल्ट रस्त्यात मेले

आमच्या फाट्यावर नागपूर–तुळजापूर रस्त्याच्या कामातला एक सिमेंटचा पाइप उरला. काम संपलं, गाड्या गेल्या, पाइप राहिला. पानठेला त्याच्या उजवीकडं, काकूची चहाची टपरी डावीकडं, मागं कडुनिंब. गावातलं अर्धं राजकारण त्या पाइपावर होते अन् उरलेलं अर्धं तिथंच मोडते.

शनिवारी पाऊस उघडला होता. पोळा आठ दिवसांवर आलेला. नामाकाकांनी आर्णीहून झूल अन् घुंगरमाळा आणल्या होत्या, बैल निंबाला बांधले होते अन् स्वतः तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसले होते. सरपंच होते (अकरा मतांनी पडले तेव्हापासून सगळा गाव त्यांना सरपंचच म्हणते), जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले गुरुजी होते, मोटर-पंपाची वायंडिंग करणारा दादा होता. मी गाडी स्टँडवर लावली अन् दादाला म्हटलं, "दादा, हा नवा हॉर्न पाहा ना. चार दिवस नीट नाही वाजला, घर्र घर्र करून रायला."

तेवढ्यात डीजे आला (आमच्या गावातल्या एका पोट्ट्याला सगळे डीजेच म्हणतात). तो येते तेव्हा तो दिसायच्या आधी ऐकू येते. शंभर सीसीच्या गाडीवर त्यानं ट्रकचा प्रेशर हॉर्न बसवला आहे. सीटखाली छोटा कॉम्प्रेसर, डाव्या बाजूला दोन भोंगे. वळणावर त्यानं तो वाजवला अन् निंबाखालचे दोन्ही बैल दाव्याला हिसका देऊन उभे राहिले. काकूच्या हातातली चहाची गाळणी खाली पडली.

"काय बे," काकू म्हणाली, "माणसं हाय इथं."

"काकू, आवाज असंल तं इज्जत असते," डीजे म्हणाला. हे वाक्य त्यानं पुढच्या तासाभरात किमान नऊ वेळा म्हटलं.

दादानं मान वर केली नाही. "इज्जत आवाजानं आली असती, तं गावानं गाढवाले सरपंच केलं असतं."

"मले काऊन मधात आनून रायला बे?" सरपंच म्हणाले.

"तुमचं नाव नाही घेतलं, सरपंच. तुमाले तं तसंही नाही केलं."

इथून पुढं दहा मिनिटं निवडणूक झाली. त्या अकरा मतांतली सात कोणत्या वाड्यातून फुटली, कोणाच्या घरी साड्या गेल्या, कोण मतदानाच्या दिवशी मुद्दाम यवतमाळला गेला. ते सगळ्यांनाच पाठ आहे, इथं परत सांगत नाही.

माझ्या हॉर्नचं कारण मात्र सांगावं लागते, कारण माझ्यासाठी ती गंमत नव्हती. पंधरा दिवसांपूर्वी आईला डोळ्याच्या तपासणीसाठी नेलं होतं. येताना समोर गिट्टी भरलेली ट्रॉली. ट्रॅक्टरवर गाण्याचा डबा लावलेला, मागं ना इंडिकेटर, ना लाल लाइट. मी ओव्हरटेकला निघालो, बटन दाबलं. पीं. परत दाबलं, पीं. त्यानं एकदम उजवीकडं वावरात ट्रॅक्टर घातला. मी ब्रेक मारून गाडी खाली साइडपट्टीच्या चिखलात घेतली. गाडी आडवी झाली नाही, एवढंच. आई काही बोलली नाही. घरी आल्यावर पदर सोडला तेव्हा तिचा हात थरथरत होता. ट्रॅक्टरवाल्याला आम्ही मागं होतो हे आजपर्यंत माहीत नसेल.

दुसऱ्याच दिवशी तालुक्याच्या एका दुकानातून मोठा हॉर्न घेतला. साडेसहाशे रुपये. दुकानदाराच्या पोऱ्यानं जुना काढला, त्याच दोन वायरांना नवा लावला, दोनदा वाजवून दाखवला अन् सांगितलं, आता समोरचा उडून पडते. तीन दिवस चांगला वाजला. चौथ्या दिवशी बटन गरम लागायला लागलं अन् हॉर्नमधून घशात कफ अडकल्यासारखा आवाज यायला लागला.

"मंग माह्यासारखा लाव ना भाऊ," डीजे म्हणाला. "हे लहान हॉर्न म्हंजे पोट्ट्याईचं खेळनं. माह्यावाला वाजला का दोन किलोमीटरवरून सरकते लोक."

"दोन किलोमीटरवरच्या मानसानं तुह्यासाठी कायले सरकाव बे?" दादा म्हणाला. "थो तं घरी जेवत असंल."

दादानं पिशवीतून मीटर काढला. माझ्या मनात दादाबद्दल जो आदर आहे तो या मीटरमुळे आहे. तो तोंडानं काही सांगत नाही, आधी मोजते. मला बटन दाबून धरायला लावलं. बॅटरीच्या टोकांवर काटा लावला तेव्हा १२.४ वोल्ट. मग हॉर्नच्या पिनांवर लावला. ८.९.

"पाहा. साडेतीन वोल्ट रस्त्यात मेले."

"म्हंजे हॉर्न खराब?" सरपंचांनी विचारलं.

"हॉर्न चांगला हाय. काका, तुमची विहिरीवरची पाच एचपीची मोटर हाय. पाइपाले जागोजागी भोकं पडले अन् वावराच्या टोकाले पानी नाही पोचलं, तं तुमी मोटर बदलवसान का पाइप?"

"पाइप," नामाकाका म्हणाले.

"यानं मोटर बदलवली. अन् मोठी मोटर लावली म्हनून भोकातून जास्तच पानी उडून रायलं."

हे शेवटचं वाक्य मला लगेच कळलं नाही, दादानं आकड्यात समजावलं. जुना हॉर्न दोन अँपिअरच्या आसपास ओढायचा, तेव्हा गंजलेल्या वायरीत दीडेक वोल्ट जायचा. नवा पाच ओढते. वायर तीच, गंज तोच, तर अडीच पट करंटाला अडीच पट वोल्ट मरणार. म्हणजे हॉर्न जेवढा मोठा घ्यावा तेवढी जुनी वायरिंग त्याला जास्त उपाशी ठेवते. माझा जुना हॉर्नसुद्धा असाच अर्धपोटी वाजत होता, पंधरा दिवसांपूर्वीही. हे ऐकून मला त्या दुकानदाराचा जेवढा राग आला तेवढा ट्रॅक्टरवाल्याचाही आला नव्हता. पैसे घेताना एक मिनिट मीटर लावला असता तर काय बिघडलं असतं?

दादानं हँडलवरचं बटन उघडलं. आतली पितळी पट्टी काळी ठिक्कर. नखानं खरवडून बोट सगळ्यांना दाखवलं. मग वायरी जोडणारा कपलर ओढला, त्याच्या पिनांवर हिरवा लोणा धरलेला. अर्थिंगचा बोल्ट तर रंगावरच कसलेला होता, खाली लोखंड लागलंच नव्हतं.

"तीन जागी चोर," दादा म्हणाला. "बटन, कपलर, अर्थिंग. पावसाळ्यात हे तिघंही हजर असते."

गुरुजींनी चष्मा सरळ केला. त्यांना हॉर्नच्या आत काय असते ते हवं होतं, अन् दादाला कोणी असं विचारलं की तो खुलते. आत विजेचं चुंबक, समोर पातळ पोलादी पडदा, मागं दोन पॉइंट. करंट आला की चुंबक पडद्याला ओढते. पडदा ओढला की पॉइंट सुटतात, करंट तुटते, पडदा परत मागं. परत पॉइंट लागतात. हे सेकंदाला शेकडो वेळा होते अन् तोच आवाज. वोल्ट कमी पडला की चुंबकात पडदा पुरता ओढायचा दम राहत नाही.

"डीपीवर, म्हंजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर, लोड आला का मोटर कशी हूं हूं करते, उचलत नाही? तसंच हे," दादा म्हणाला.

डीपीचं नाव निघालं अन् विषय परत सुटला. आमच्या शिवारातली डीपी गेल्या रब्बीत जळाली तेव्हा वर्गणीचे पैसे कोणी दिले नाहीत, याचा हिशेब सरपंचांच्या डोक्यात अजून ताजा आहे. त्यांनी डीजेच्या बापाचं नाव घेतलं. डीजे म्हणाला, "बाचं बाले विचारा." नामाकाकांनी खर्ऱ्याची पन्नी पुढं केली तेव्हा कुठं दोघं गप्प बसले.

दादानं मग त्याच्या पद्धतीनं सांगितलं ते मी नीट लिहून ठेवतो, कारण फाट्यावरून रोज ये-जा करणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे. आधी जुनाच हॉर्न साफ करून पाहायचा. मागं एक छोटा स्क्रू असते, तो पाव आटा इकडं-तिकडं फिरवून आवाज सुधारते. जास्त कसला तर पॉइंट सुटतच नाहीत, हॉर्न मुका होते अन् आतली कॉइल तापते. एवढं करून भागलं नाही तरच मोठा हॉर्न, अन् मोठा घेतला की मधात रिले पाहिजेच.

"रिले म्हंजे काय बापा?" नामाकाकांनी विचारलं.

"तुमच्या स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर, काका. तुमी बोटानं हिरवं बटन दाबता, तं मोटरचा करंट तुमच्या बोटाखालून जाते का? नाही. बटन फक्त कॉन्टॅक्टरले सांगते. हे तसंच. जुन्या हॉर्नचे दोन्ही वायर रिलेच्या ८५ अन् ८६ ले. बॅटरीहून जाड वायर, फ्यूज टाकून, ३० ले. ८७ हून हॉर्नले. हॉर्नची दुसरी पिन सरळ चेसिसले, रंग खरवडून. झालं. बटन जळत नाही अन् हॉर्नले पोटभर भेटते."

"अन् भोंग्याचं तोंड?" मी विचारलं.

"गोगलगायीवाला असंल तं तोंड खाली अन् समोर. वर ठेवलं तं पावसाचं पानी पेते."

डीजेला हे सगळं फार बारीक वाटत होतं. तो गाडीवर बसूनच होता, पाय जमिनीला लागले की लहान झाल्यासारखं वाटते त्याला. म्हणाला, "एवढं करून वाजन किती? माह्यावाला पाहा. एक बटन, काम तमाम."

"काम तमाम कोनाचं?" नामाकाका म्हणाले. ते हळूच म्हणाले, पण सगळे थांबले.

मागच्या डिसेंबरातली गोष्ट आहे. काका बंडीत कापूस भरून नाल्याच्या उतारावरून येत होते. मागून डीजेनं हा भोंगा वाजवला. उजवीकडचा बैल बिथरला, बंडी धुऱ्यावर चढली अन् कलंडली. कापूस नाल्यात. बैलाचा गुडघा फुटला तो पोळ्यापर्यंत नीट भरला नाही, म्हणून या वर्षी काकांनी त्याला गावभर फिरवायचं नाही असं ठरवलं आहे. तोरणापर्यंत नेऊन परत आणणार.

"म्या सॉरी म्हनलं होतं ना काका."

"सॉरीनं गुडघा भरत नाही रे बाबू."

डीजेनं खाली पाहिलं. मग त्यानं जे सांगितलं ते त्याच्या बाजूनं खरंही आहे: रात्री रस्त्यावर रानडुकरं येतात, रोही (नीलगाय) आडवा येते, म्हणून लावला. रोही आम्हा सगळ्यांना भेटलेला आहे. पण गुरुजींचा अनुभव माझ्यासारखाच निघाला. भोंगा ऐकून रोही पळते हे खरं, कोणत्या बाजूला पळते हे त्याचं त्यालाच माहीत नसते. त्याच्यासाठी स्पीड कमी करणं अन् डिप्पर देणं, दुसरा उपाय नाही.

गुरुजींनी मग कायदा काढला. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम ११९: कर्कश, घाबरवून सोडणारा, वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न चालत नाही. विनाकारण वाजवत सुटलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९४-एफ, दंड पहिल्यांदा १ हजार, दुसऱ्यांदा २ हजार. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. वस्तीत रात्री १० ते सकाळी ६ हॉर्नच वाजवायचा नाही.

"तुमी शाळेत असतानी पोट्टे तुमचं ऐकत नव्हते," डीजे म्हणाला, "अन् म्या तं पास बी झालो नाही."

"म्हणूनच परत सांगून रायलो," गुरुजी म्हणाले.

सरपंच मधेच उठले. "अरे पन गडकरी साहेब तं हॉर्नचंच बदलून रायले ना! बासरी, तबला, हार्मोनियम. २०२१ पासून सांगून रायले, २०२५ मधी बी बोल्ले. आपल्या नागपूरचा मानूस, करून दाखवंन. आनून ठेवा बासरीवाला हॉर्न."

"समोर गिट्टीची ट्रॉली," दादा म्हणाला, "तिच्यावर डबा वाजून रायला, अन् मागून तुमची बासरी. ट्रॅक्टरवाला म्हनंन, कुठंतरी भागवत सप्ताह बसला. हात जोडंन अन् उजवीकडं वळंन."

पाइप हलला एवढे आम्ही हसलो. सरपंचही हसले, पण माघार घेतली नाही. म्हणाले, अँब्युलन्सला आकाशवाणीची धून लावायचंही साहेब बोलले होते, त्यात काय वाईट? काकूनं टपरीतून त्यांची बाजू घेतली. "गोड असला तं काय झालं? दिवसभर मी बसते इथं. गिऱ्हाईक चहा मागते का पानी मागते, ऐकू येत नाही मले. रात्री झोपले तरी कानात पोंऽऽ."

काकूचं बरोबर आहे. वाजवणारा दोन सेकंदात निघून जाते, ऐकणारी बारा तास तिथंच असते. शहरात सिग्नलला उभं राहून मागून कोकलणाऱ्यांसाठी सूर गोड झाला तर चांगलंच. माझं म्हणणं फक्त आमच्या रस्त्यापुरतं आहे. हॉर्न ऐकू आला पाहिजे अन् ऐकताक्षणी हा हॉर्न आहे हे कळलं पाहिजे.

"मंग किती मोठा पायजे?" डीजेनं विचारलं. पहिल्यांदाच त्यानं खरं विचारलं.

"मोठा नाही, जाड पायजे," दादा म्हणाला. "बारीक पीं काचबंद केबिनीत शिरता शिरताच मरते. म्हनून कारले दोन हॉर्न असते, एक जाड सुराचा, एक बारीक. साधारन चारशे अन् पाचशेच्या सुरात. दोन मिळून वाजले का कान पकडते. भजनात नुसते टाळ नसते ना, मृदंग बी लागते. पन जोडी दहा अँपिअरपर्यंत ओढते, अन् आपल्या गाडीची बॅटरी केवढी? अडीच-चार अँपिअर-अवर. टुक करून वाजवाव अन् सोडाव. तुह्यासारखं अंगठा ठेवून झोपलं तं..."

इथं दादा थांबला. डीजे म्हणाला, "दादा, थे नोको सांगू."

म्हणजे सांगणं आलंच. मागच्या मंगळवारी रात्री डीजेनं दारव्ह्याच्या रस्त्यावर भोंगा दाबला अन् फ्यूज उडाला. सेल्फ गेला, इंडिकेटर गेले, ब्रेक लाइट गेला. त्यानं फ्यूजवर सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली. फ्यूज जळायचा तो वाचला अन् वायर जळाली. सीटखालून धूर. दादाला रात्री साडेअकराला फोन, "दादा, गाडी पेटून रायली, काय करू?" दादानं सांगितलं बॅटरीचा वायर उपट. मग किक मारत, मागं लाल लाइट नसलेली गाडी घेऊन तो घरी आला.

"अन् भोंगा?" काकूनं विचारलं.

"थो तं वाजलाच नाही ना. मुक्यानं आला सारा रस्ता."

"बाई, मंगळवारी मले झोप लागली होती," काकू म्हणाली. "आत्ता समजलं काऊन थे."

काकू एवढ्यावर थांबली नाही. चहाचे ग्लास ठेवता ठेवता म्हणाली, "मले एक सांगा रे. हॉर्नच्या बटनावर सारे हात ठेवता. ब्रेकवर हात ठेवाले कोनाची इज्जत जाते का?"

दादानं याला हिशेब जोडला. साठच्या स्पीडनं गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर जाते. समोरच्यानं ऐकून, समजून, हात हलवेपर्यंत दीड सेकंद धरला तरी पंचवीस मीटर गेले. मी त्या दिवशी ट्रॉलीच्या किती मागं होतो ते आठवलं. पंचवीस नव्हते. हॉर्न कितीही चांगला असता तरी ब्रेकच उपयोगी पडला असता, अन् तोच पडला. तरीही मला हॉर्न पाहिजे. आमच्यासारख्या लहान गाडीवाल्याजवळ रस्त्यावर "मी इथं आहे" सांगायला दुसरं काय आहे?

तोवर दादानं पट्टीला सँडपेपर मारला होता, कपलरच्या पिना घासल्या होत्या, अर्थिंगच्या बोल्टाखालचा रंग काढून नवी वायर कसली होती. मीटर परत लावला. ११.६.

"रिले सोमवारी टाकू. आता दाब."

दाबलं. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा माझ्या गाडीनं तोंड उघडून आवाज दिला. जाड, भरलेला, तुटक. निंबाखालच्या दोन्ही बैलांनी मान वळवली, कान टवकारले, पाहिलं, अन् परत कडबा खायला लागले.

नामाकाकांनी खर्रा गालात सरकवला. "हे बराबर हाय. कान टवकारले, दावं नाही तोडलं. एवढाच पायजे."

मला यापेक्षा चांगलं माप आजवर कोणी सांगितलं नाही. डेसिबलचे आकडे गुरुजींच्या वहीत राहू देत.

डीजेला हे लागलं. म्हणाला, "बैलावरून हॉर्न ठरवसान का आता?" सरपंच म्हणाले, "मतदानावरून ठरवू." दादा म्हणाला, "तुमी अकरानं पडसान." परत तेच सुरू होणार होतं, पण काकांना एकदम पोळा चढला. ते पाइपावर उभे राहिले, एक हात वर केला अन् जागच्या जागी झडती, म्हणजे पोळ्यात म्हणतात ती तुकबंदी, रचली:

"चाक फिरे गरगरा, धूर निघे भरभरा,
भोंगेवाल्याचा फ्यूज गेला चरचरा,
किक मारत मुक्यानं आला घरा,
हर बोला हर हर महादेव!"

"महादेऽऽव!" आम्ही सगळे ओरडलो. डीजे सगळ्यांत जोरात ओरडला, त्याला राहवलंच नाही. काकूही ओरडली.

तेवढ्यात यवतमाळकडून येणारी एसटी, जी आमच्या फाट्यावर हात दाखवूनही थांबत नाही, ती करकचून ब्रेक मारून उभी राहिली. कंडक्टरनं दार उघडून डोकं बाहेर काढलं.

"आवाज दिला ना तुमी? किती जन हाय? चढा लवकर."